पस्तीस रुपयांची नोकरी आणि सार्वजनिक सभेची चिटणिशी : पदवीनंतरचे तरुण गोखले

१/ हातात मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी, वय अवघे १८, वडील हयात नाहीत, शिक्षणाचा खर्च थोरल्या भावाने पोटाला चिमटा घेऊन केलेला, आणि पुढे काय करायचे हे अजून ठरलेले नाही. १८८४ साली गोपाळ कृष्ण गोखले या स्थितीत होते. पाठ्यपुस्तकात आपल्याला भेटतात ते पगडी-उपरण्यातले, अर्थसंकल्पावर बोलणारे नामदार गोखले. आजचा धागा त्यांच्या आधीच्या गोखल्यांविषयी आहे : नोकरी शोधणाऱ्या आणि पुण्याच्या स्थानिक राजकारणात पहिले पाऊल टाकणाऱ्या पदवीधराविषयी.

२/ जन्म ९ मे १८६६, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि कागललाच दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्यांतले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवत. उरलेल्या ७ रुपयांत बाकीचे कुटुंब चाले. गोखल्यांच्या पुढच्या प्रत्येक निर्णयामागे हा हिशेब उभा आहे, तो ध्यानात ठेवावा.

३/ १८८१ साली मॅट्रिक. मग कोल्हापूरचे राजाराम, पुण्याचे डेक्कन आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय. मध्ये एक छोटा, पण बोलका प्रसंग घडला. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला चालला. त्यांच्या मदतनिधीसाठी राजाराम महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी नाटक केले आणि त्यात गोखल्यांनी स्त्रीभूमिका केली. टिळक-गोखले हे नाते पुढे जसे वळले, ते पाहता हा आरंभ विसरू नये.

४/ १८८४ साली पदवीधराला कोणते मार्ग मोकळे होते? मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. पदवीधरांची पहिली तुकडी १८६२ साली बाहेर पडली आणि तिच्यात महादेव गोविंद रानडे होते. त्यानंतर वीस-बावीस वर्षे लोटली, तरी बी. ए. झालेला माणूस दुर्मीळच होता. सरकारी नोकरीत मामलेदारी किंवा मुन्सफी, नाहीतर वकिली. प्रतिष्ठा आणि पैसा या दोन वाटांवर होता. गोखल्यांनीही कायद्याच्या वर्गात नाव घातले होते. घरची अपेक्षा काय असेल, हे सांगण्याची गरज नाही.

५/ सरकारी नोकरीत मात्र एक अडचण होती. ज्याला सार्वजनिक प्रश्नांवर बोलायचे आहे, त्याच्या पायात ती बेडी ठरे. स्वतः रानडे याचे उदाहरण होते. ते न्यायखात्यात होते आणि पुण्यातील बहुतेक सार्वजनिक उद्योगांमागे त्यांची बुद्धी होती. सरकारला हे ठाऊक होते. १८७८ साली त्यांची बदली नाशिकला झाली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमीत त्यांना धुळ्यास हलवण्यात आले. संशयापलीकडे काहीच निघाले नाही. पण नोकरी आणि राजकारण एका म्यानात राहत नाहीत, हा धडा पुण्यातील प्रत्येक सुशिक्षित तरुणाला मिळाला होता.

६/ याच कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट पुण्यात तयार होत होती. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी टिळक आदी सहकाऱ्यांसह न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. आगरकर पाठोपाठ येऊन मिळाले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. सरकारच्या नोकरीबाहेर राहून, कमी पगारावर, पण आपल्या मताने जगता येईल अशी ही जागा होती. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या गोखल्यांनी नेमक्या याच दारावर थाप मारली.

७/ १८८५ च्या आरंभी ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये साहाय्यक शिक्षक झाले. पगार दरमहा ३५ रुपये. जोडीला सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्यांची शिकवणी. म्हणजे ज्या नोकरीकडे स्वतः पाठ फिरवली, तिच्यासाठी इतरांना तयार करून घरखर्चाची तोंडमिळवणी चालली होती. पुढल्या वर्षी, १८८६ साली, ते सोसायटीचे आजीव सदस्य झाले. आजीव सदस्याने सुमारे ७५ रुपये वेतनावर किमान २० वर्षे सेवा करण्याचे बंधन स्वीकारायचे असे. विशीतल्या मुलाने पुढची वीस वर्षे लिहून दिली.

८/ हा निव्वळ त्याग होता असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. थोडे थांबून पाहू. १५ रुपयांवर घर चालवणाऱ्या भावाच्या दृष्टीने ७५ रुपये ही लहान रक्कम नव्हती. पण वकील किंवा मुन्सफ झालेल्या गोपाळने जे मिळवले असते, त्याच्यापुढे ती काहीच नव्हती. या फरकाच्या बदल्यात गोखल्यांना दोन गोष्टी मिळाल्या : सरकारची मर्जी सांभाळावी लागणार नाही असा निर्वाह, आणि शिकवून उरलेला वेळ. स्थानिक राजकारणात शिरू पाहणाऱ्याला हेच भांडवल लागते.

९/ आता 'स्थानिक राजकारण' म्हणजे तेव्हा काय, हे पाहू. काँग्रेसची स्थापना १८८५ ची. तिच्या १५ वर्षे आधी, २ एप्रिल १८७० रोजी, पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचा प्राण होते. सभेचा नियम लक्षणीय होता : सभासद व्हायचे तर किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. निवडणुका नसलेल्या काळात 'आम्ही लोकांच्या वतीने बोलतो' या म्हणण्याला कागदाचा आधार देण्याची ही युक्ती होती. १८७८ पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिकही निघू लागले.

१०/ या सभेमागचा मुख्य मेंदू रानडे यांचा होता. पण सरकारी न्यायाधीशाला पडद्यामागेच राहणे भाग होते. सह्या करायला, पत्रव्यवहार सांभाळायला, सरकारला उत्तरे द्यायला सरकारी नोकरीत नसलेला, इंग्रजी उत्तम असलेला आणि कष्टाळू माणूस हवा होता. दोघांच्या पहिल्या भेटीची एक आठवण सांगितली जाते. हिराबागेतील एका समारंभात तरुण गोखले दारावर स्वयंसेवक होते. रानड्यांकडे प्रवेशपत्र नव्हते, म्हणून त्यांनी त्यांना अडवले. मग कोणीतरी मध्ये पडून त्यांना आत नेले. आठवण शब्दशः खरी असो वा नसो, नियमाला चिकटून राहणारा मुलगा तीत ओळखू येतो.

११/ १८८७ च्या सुमारास गोखले रानड्यांच्या हाताखाली आले आणि त्रैमासिकाचे काम पाहू लागले. ही उमेदवारी वलयाची नव्हती. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, महसुलाचे आणि खर्चाचे तक्ते जुळवायचे, मसुदा लिहायचा, तो रानड्यांपुढे ठेवायचा आणि दुरुस्त्या घेऊन पुन्हा लिहायचा. पुढे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावरील ज्या भाषणांनी गोखल्यांचे नाव झाले, त्यांची तालीम पुण्यातील या कागदांच्या ढिगाऱ्यात झाली.

१२/ इतके कष्ट करून पाठवलेल्या अर्जांना सरकार बहुधा दोन ओळींची पोच देई. तरुण गोखले यामुळे खट्टू झाले. तेव्हा रानड्यांनी जे सांगितले, ते त्यांनी पुढे आठवणीने नोंदवले. आशय असा : हे अर्ज नावापुरते सरकारला आहेत, खरे तर ते आपल्या लोकांसाठी आहेत, कारण या प्रश्नांवर विचार कसा करावा हे लोकांनी शिकायचे आहे, आणि हे राजकारण या देशात अगदी नवे असल्यामुळे फळाची अपेक्षा न ठेवता ते बरीच वर्षे करावे लागेल.

१३/ १८९० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. आणि इथेच नोकरी व राजकारण यांची गाठ पडली. टिळकांचा आक्षेप होता : आजीव सदस्याने आपला सारा वेळ आणि सारी शक्ती संस्थेला द्यायची असते, मग सभेची चिटणिशी कशी स्वीकारता? हा वाद अचानक उद्भवला नव्हता. पगारवाढ, बाहेरची कामे, सदस्यांची निष्ठा यांवर आगरकर-गोखले एका बाजूला आणि टिळक दुसऱ्या बाजूला, असे काही वर्षे चालले होते. चिटणिशी हे शेवटचे निमित्त ठरले.

१४/ या वादात आपण सहज बाजू घेऊन मोकळे होतो. दोन्ही बाजू नीट मांडून पाहाव्यात. टिळकांच्या डोळ्यांसमोर जेझुइट पाद्र्यांचा आदर्श होता : थोडक्यात निर्वाह, पूर्ण समर्पण, आणि सर्वांना एकच नियम. संस्था नवी आणि कमकुवत असताना हा आग्रह अनाठायी म्हणता येणार नाही. गोखल्यांच्या बाजूने पाहिले तर शाळा काढण्यामागचा हेतूच लोकजागृतीचा होता. शिकवण्यात कसूर होत नसेल, तर सभेचे काम हा त्याच हेतूचा विस्तार होता. शिवाय टिळक स्वतः वृत्तपत्रे चालवत होतेच, हेही प्रतिपक्षाला दिसत होते.

१५/ १८९० च्या अखेरीस टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. 'केसरी' आणि 'मराठा' त्यांनी आपल्याकडे घेतले व निर्वाहासाठी कायद्याचा वर्ग चालवला. गोखले शिक्षक राहिले, सभेचे चिटणीसही राहिले. दोघांपुढचा प्रश्न एकच होता : पोट कशावर भरायचे आणि राजकारणाला वेळ कुठून काढायचा? टिळकांनी उत्तर स्वतःच्या व्यवसायात शोधले, गोखल्यांनी संस्थेच्या पगारात. जहाल-मवाळ ही विभागणी आपण विचारांवरून करतो. तिच्या आधी ही साधी, घरगुती विभागणी होऊन गेली होती.

१६/ त्या वर्षांतला गोखल्यांचा दिनक्रम डोळ्यांसमोर आणा. महाविद्यालयात इंग्रजी, गणित, इतिहास, जो विषय पडेल तो शिकवायचा. १८८८ साली सुरू झालेल्या आगरकरांच्या 'सुधारक'साठी इंग्रजी मजकूर लिहायचा. सभेचा पत्रव्यवहार, त्रैमासिक, सोसायटीचे काम. अंकगणिताचे शालेय पुस्तकही त्यांनी याच काळात सिद्ध केले. १८८९ च्या मुंबई अधिवेशनापासून काँग्रेस आणि १८९० च्या कलकत्ता अधिवेशनात मिठावरील करावर भाषण. मिठाच्या कराचा भार गरिबावर किती पडतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. ८ रुपयांत महिना काढलेल्या माणसाला तो विषय पुस्तकातून शिकावा लागला नसेल.

१७/ स्थानिक राजकारणाने त्यांना पराभवही दाखवला. १८९५ साली सार्वजनिक सभेच्या कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीत टिळकपक्षाने बहुमत मिळवले. ज्या सभेसाठी रानडे-गोखल्यांनी वर्षे घातली, ती त्यांच्या हातून गेली. टिळक मोठ्या जनसमुदायाला बरोबर घेत होते. गोखल्यांचा मार्ग मसुद्यांचा आणि अभ्यासाचा होता. निवडून येण्यासाठी तेवढे पुरत नाही, हे त्यांना वयाच्या तिशीत कळले. १८९६ साली त्यांच्या गटाने डेक्कन सभा ही निराळी संस्था काढली आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

१८/ एक मर्यादा इथे नोंदवली पाहिजे. शाळा, सभा, वृत्तपत्र ही वाट ज्यांच्यासाठी मोकळी होती, ते बहुतेक इंग्रजी शिकलेले उच्चवर्णीय पुरुष होते. जोतीराव फुले यांनी याच पुण्यात, याच काळात, सार्वजनिक सभेवर हा आक्षेप घेतला होता : शूद्रातिशूद्रांच्या नावाने बोलणाऱ्या सभेत ते स्वतः कुठे आहेत? ५० सह्यांचे मुखत्यारपत्र या प्रश्नाला पुरे पडत नव्हते. गोखल्यांच्या कष्टांचा आदर करताना हा प्रश्न बाजूला ठेवू नये.

१९/ पुढचा आलेख परिचित आहे. १८९९ साली मुंबई कायदेमंडळ; १९०२ साली फर्ग्युसनमधून निवृत्ती आणि व्हाइसरॉयचे कायदेमंडळ. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी काही वर्षे सांभाळले. कलकत्त्यात साम्राज्याच्या अर्थसंकल्पावर बोलणारा माणूस पुण्यात गावच्या कारभारातही लक्ष घालत होता. दुसरे काम त्याला कमी दर्जाचे वाटले नाही.

२०/ आणि मग १२ जून १९०५. त्या दिवशी पुण्यात गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. तरुण पदवीधरांनी यावे, साध्या निर्वाहवेतनावर राहावे, पाच वर्षे अभ्यास आणि प्रवास करून प्रशिक्षण घ्यावे आणि मग जन्मभर सार्वजनिक काम करावे, अशी तिची रचना. एरवी ती नुसती आदर्शवादी योजना वाटते. १८८५ च्या गोखल्यांपासून वाचत आलो, की तिचा अर्थ उलगडतो. पाच वर्षांचे प्रशिक्षण म्हणजे रानड्यांकडची उमेदवारी. निर्वाहवेतन म्हणजे आजीव सदस्याचा पगार. आणि सारा वेळ फक्त सार्वजनिक कामाला देणे, म्हणजे १८९० च्या त्या भांडणाचे उत्तर. पूर्ण समर्पणाचा टिळकांचा आग्रह गोखल्यांनी पंधरा वर्षांनी आपल्या संस्थेच्या पायात घातला, असेही म्हणता येईल.

२१/ मी स्वतः पदव्युत्तर वर्गात आहे. आमच्या वसतिगृहात रात्री जेवणानंतर चर्चा फिरून फिरून एकाच ठिकाणी येते : स्पर्धा परीक्षा, की खासगी नोकरी, की गावी जाऊन काहीतरी? निवडणुकीच्या दिवसांत काही मित्र गावातल्या पॅनेलसाठी फिरतात आणि घरून फोन येतो, 'आधी पोटापाण्याचं बघ.' त्या फोनमधला आवाज मला आता गोविंदरावांसारखा ऐकू येतो. तो चुकीचा नाही. स्वतः ७ रुपयांत घर चालवून बाकीचे पाठवणाऱ्या माणसाला तो प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो.

२२/ गोखल्यांनी या प्रश्नाला टाळले नाही. त्यांनी आधी नोकरी धरली, आणि ती अशी धरली की सार्वजनिक कामाचे दार बंद होणार नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी ते गेले. त्यांचे राजकारण पटो वा न पटो, महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसाला राजकारण कसे करता येईल, या प्रश्नावर त्यांनी वीस वर्षे विचार केला आणि शेवटी त्याची संस्था बांधली. पुण्यात गेलात तर फर्ग्युसनच्या आवारात जरा वेळ थांबा. विशीतला एक मास्तर शाळेतून सभेकडे घाईने निघालेला दिसतो का, पाहा.

धागा समाप्त. तुमच्या गावात, तालुक्यात असा कोणी शिक्षक, कारकून वा वकील होऊन गेला असेल, ज्याने नोकरी सांभाळून सार्वजनिक काम उभे केले, तर त्याच्याविषयी खाली जरूर लिहा. स्थानिक इतिहास अशाच नोंदींतून जमतो.