प्रखर प्रकाशाचा पाठलाग : मोटारसायकलच्या हेडलाइटची सव्वाशे वर्षे

१/ रात्री घाट उतरताना समोरून मोटारसायकल येते, तिचा पांढराशुभ्र झोत थेट डोळ्यांत शिरतो आणि दोन क्षण रस्ताच नाहीसा होतो. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. मात्र मूळ दिवा काढून अधिक प्रखर दिवा बसवण्याची हौस आजची नाही. ती जवळजवळ मोटारसायकलइतकीच जुनी आहे. आजचा धागा या हौसेविषयी.

२/ आरंभी दिवे तेलाचे होते. १८९२ मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन यांना विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनवण्याची रीत सापडली. कार्बाइडवर पाणी ठिबकले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो लखलखीत ज्योतीने जळतो. दिव्याच्या वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात कार्बाइड. उजेड उत्तम, पण मागे उरणारा चुन्याचा गाळ पुन्हा पुन्हा खरवडून काढावा लागे.

३/ १९०४ मध्ये इंडियानापोलिस येथे प्रेस्ट-ओ-लाइट ही कंपनी उभी राहिली. तिने हाच वायू दाबाखाली नळकांड्यांत भरून विकला. गाळाची कटकट संपली, धोका मात्र वाढला: कंपनीच्या कारखान्यांत स्फोट झाले. प्रखर प्रकाशाची किंमत कोठेतरी मोजावीच लागते, हे सूत्र येथूनच दिसू लागते.

४/ १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची लवचिक तार घडवली आणि हादरे सोसणारा विजेचा दिवा शक्य झाला. पण दुचाकीवर वीज कोठून आणायची? १९२० च्या दशकात ब्रिटनच्या लुकास कंपनीचे 'मॅगडायनो' प्रचारात आले. ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि वीज देणारा डायनॅमो एकाच यंत्रात! मात्र डायनॅमोची शक्ती बेताची असल्याने दिव्याची मर्यादा तोच ठरवू लागला.

५/ दिवे प्रखर होताच समोरच्याचे डोळे दिपू लागले. त्यावर त्याच दशकात तोडगा निघाला: एकाच बल्बमध्ये दोन तारा. एक दूरच्या झोतासाठी, दुसरी खाली झुकलेल्या झोतासाठी. ओसरामचा 'बायलक्स' हा त्यातला प्रसिद्ध बल्ब. आपल्या ट्रकांच्या पाठीवरचे 'यूज डिपर ॲट नाइट' हे याच शोधाचे लोकप्रिय रूप.

६/ भारतातील अनेक जुन्या दुचाकी ६ व्होल्टच्या होत्या. ३५ वॅटच्या बल्बला ६ व्होल्टवर सुमारे ५.८ अँपिअर प्रवाह लागतो, १२ व्होल्टवर त्याच्या निम्मा. प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेत वाया जाणारी शक्ती एक चतुर्थांश होते. साध्या बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळाले, तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. जुन्या गाड्यांचा पिवळा, मलूल प्रकाश पुष्कळदा बल्बचा नव्हे, तर तारांचा आणि गंजलेल्या जोडांचा दोष असे.

७/ पुढची झेप हॅलोजनची. हॅलोजन दिव्याचे पेटंट १९५९ चे. या दिव्यात तारेवरून उडालेले टंगस्टन काचेवर न साचता पुन्हा तारेकडे परतते. म्हणून तार अधिक तापवता येते. १९६२ मध्ये युरोपात हा दिवा मोटारींवर आला आणि १९७१ मध्ये दोन तारांचा 'एच-४' अवतरला: वरचा झोत ६० वॅट, खालचा ५५.

८/ मग गॅरेजांतून '१००/९०' चा बल्ब बसू लागला. १२ व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला ८.३. त्याच तारेत उष्णता पावणेतीन पट! होल्डर वितळतात, स्विच जळतात. म्हणून जाणते मिस्त्री आधी रिले आणि जाड वायर टाकतात, बल्बचा विचार नंतर.

९/ १९९१ मध्ये मोटारींवर झेनॉन आला, पुढे एलईडी. येथे प्रश्न भूमितीचा आहे. एच-४ मध्ये खालच्या झोताच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती वर जाणारा प्रकाश अडवते. परावर्तकाचा आकारही तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. त्यात भलत्याच जागी प्रकाश देणारा दिवा बसवला की झोत विस्कटतो. आपल्याला वाटते उजेड वाढला. प्रत्यक्षात तो समोरच्याच्या डोळ्यांत सांडत असतो. कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्बंध घालते.

१०/ १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही आपोआप पेटता ठेवणे बंधनकारक झाले. आता दिवा केवळ आपण पाहावे म्हणून नाही. इतरांना आपण दिसावे म्हणूनही आहे. सव्वाशे वर्षांचा हा इतिहास एवढेच सांगतो की रस्त्यावरचा प्रकाश एकट्याच्या मालकीचा कधीच नव्हता. समोरून येणाराही आपल्यासारखाच घरी निघालेला असतो. डिपर द्या.