कोणनकुंट्याचे घर : ‘सायनाइड’ आणि एक निकालपत्र

राजकीय हत्येवरचा चित्रपट म्हटला की मारणारा, मरणारा किंवा शोध घेणारा अधिकारी यांपैकी कोणीतरी त्याच्या मध्यभागी असणार, असे आपण धरूनच चालतो. ए. एम. आर. रमेश यांचा ‘सायनाइड’ हा 2006 सालचा कन्नड चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो याच अपेक्षेने. विषय राजीव गांधी यांच्या हत्येचा. पण चित्रपट संपल्यावर मनात राहिले ते बंगळुरूजवळच्या कोणनकुंटे येथील एक भाड्याचे घर आणि त्यात राहणारे एक साधे जोडपे. या घराचा माग काढत मी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रापर्यंत गेलो. तिथे जे वाचले, त्यामुळे चित्रपट पुन्हा पाहावा लागला. हा लेख त्या दुसऱ्या पाहण्यातून आला आहे.

आधी घटनाक्रम. 1991 ची लोकसभा निवडणूक सुरू होती. मतदानाचा पहिला टप्पा 20 मे रोजी पार पडला आणि दुसऱ्याच दिवशी, 21 मेच्या रात्री, तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथील सभास्थानी धनु नावाच्या तरुणीने अंगावरच्या स्फोटकांचा स्फोट केला. राजीव गांधींसह अनेक जण ठार झाले. त्यांत हरिबाबू नावाचा छायाचित्रकारही होता. तो हल्लेखोरांच्याच बाजूने तिथे आला होता. तो मेला, त्याचा कॅमेरा मात्र शाबूत राहिला. त्यातल्या फिल्मवर हार घेऊन उभी असलेली धनु होती आणि पांढऱ्या झब्ब्यातला, पत्रकारासारखा दिसणारा एक माणूस होता. तो शिवरासन, लिट्टेने या कामगिरीवर पाठवलेला म्होरक्या. डी. आर. कार्तिकेयन यांच्या नेतृत्वाखालच्या सीबीआयच्या विशेष पथकाला पहिला धागा मिळाला तो या छायाचित्रांतून.

वर्तमानपत्रांतून छायाचित्र घरोघर पोचल्यावर शिवरासनला चेन्नईत राहणे अशक्य झाले. तो, शुभा आणि साथीदार टँकरमध्ये लपून बंगळुरूकडे निसटले. अखेर कोणनकुंट्याच्या घराला 18 ऑगस्टच्या रात्री वेढा पडला. थोड्याच दिवसांपूर्वी मंड्या जिल्ह्यात लपलेल्या लिट्टेच्या माणसांनी पोलिसांची चाहूल लागताच सायनाइड घेतले होते. त्यामुळे इथे घाई करायची की वाट पाहायची, हा प्रश्न होता. तपासपथकाला शिवरासन जिवंत हवा होता. वाट पाहिली गेली. 20 ऑगस्टच्या पहाटे कमांडो आत शिरले तेव्हा सात मृतदेह होते. शिवरासनने स्वतःवर गोळी झाडली होती, इतरांनी गळ्यातली कुपी फोडली होती. तो दिवस राजीव गांधींच्या जयंतीचा होता. चित्रपटाच्या तमिळ आवृत्तीचे नावही ‘कुप्पी’ असेच आहे.

चित्रपटात शिवरासन झाला आहे आपल्याकडचा नट रवी काळे, तर शुभाच्या भूमिकेत मालविका आहे. पण दिग्दर्शकाने खरा भार टाकला आहे तो रंगायन रघू आणि तारा या दोघांवर. हे दोघे घर मिळवून देणारा नवरा आणि त्याची बायको झाले आहेत. या जोडप्याची खरी नावे निकालपत्रात आहेत. ती माणसे सार्वजनिक जीवनातली नव्हती, म्हणून मी ती इथे देत नाही. पाहुणे कोण आहेत हे कळल्यावरही स्वयंपाक करावा लागतो, शेजाऱ्यांशी हसून बोलावे लागते. बोललो तर मरू आणि गप्प राहिलो तर अडकू, अशा भीतीत एकेक दिवस जातो. चित्रपटाचे बळ या भीतीत आहे. याच हत्येवरचा ‘कुट्रपत्रिकै’ हा तमिळ चित्रपट सेन्सॉरच्या अडचणींत सुमारे दीड दशक अडकून 2007 साली लोकांपुढे आला. ‘मद्रास कॅफे’ने 2013 साली नावे बदलून तपासाची गोष्ट सांगितली. ‘सायनाइड’ने दिल्ली, जाफना बाजूला ठेवून घराचा उंबरठा निवडला.

आता निकालपत्राकडे. आरोपपत्रात 41 नावे होती. त्यांतले 12 जण मेलेले होते, प्रभाकरनसह तिघे फरारी होते, आणि प्रत्यक्ष खटला चालला तो 26 जणांवर. तो टाडाखाली, बंद दाराआड चालला. टाडाची दोन कलमे इथे महत्त्वाची. एकाने पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य ठरवला, एरवीच्या फौजदारी कायद्यात तो ठरत नाही. दुसऱ्याने उच्च न्यायालयाची पायरी काढून टाकली, अपील थेट सर्वोच्च न्यायालयात. 28 जानेवारी 1998 रोजी विशेष न्यायालयाने निकाल दिला : सव्वीसच्या सव्वीस आरोपींना फाशी. कोणनकुंट्याच्या घरातला तो नवरा त्यांच्यात होता. त्याची बायको त्याच खटल्यात सरकारपक्षाची साक्षीदार होती.

सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 1999 रोजी चौघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली आणि उरलेल्या 19 जणांना हत्येच्या कटातून मुक्त केले. ज्यांच्यावर आसरा देण्यासारखे लहान गुन्हे शाबीत झाले, त्यांची त्याबद्दलची सजा तुरुंगात भोगूनच झाली होती. कोणनकुंट्याचा तो माणूस या एकोणीस जणांत होता.

न्यायालयाचा युक्तिवाद समजायला कायद्याची पदवी लागत नाही, माझ्याकडेही ती नाही. कट हा हत्येच्या आधी असतो. हत्या झाली की त्या कटाचा हेतू पुरा झाला. नंतर मारेकऱ्याला जो लपवतो तो गुन्हा करतो, पण तो गुन्हा आसरा देण्याचा असतो. त्यामुळे तो मागे जाऊन हत्येचा कटवाला ठरत नाही. म्हणजे सारा प्रश्न तारखेचा आहे : 21 मेच्या आधी कोणाला काय माहीत होते? एवढी साधी रेघ ओढली जाईपर्यंत अटकेपासून जवळजवळ आठ वर्षे गेली आणि त्यांतले शेवटचे सव्वा वर्ष फाशीच्या छायेत.

ही रेघ डोक्यात ठेवून मी ‘सायनाइड’ दुसऱ्यांदा पाहिला. चित्रपटाचा कळस वेढ्यात आहे, आणि नाट्य म्हणून तो तिथेच असायला हवा. पण शिवरासनची गोष्ट जिथे संपते, तिथे घर देणाऱ्याची गोष्ट सुरू होते. आपल्या ‘माफीचा साक्षीदार’मध्येही प्रेक्षकाचे डोळे खून करणाऱ्यांवरच खिळतात. पडद्याला मृत्यू दाखवता येतो. बंद दाराआड झिजणारी वर्षे दाखवणे त्याला अवघड जाते.

आणि ही वर्षे सगळ्यांचीच आठ नव्हती. फाशी कायम झालेल्या चौघांपैकी पेरारिवालन अटकेच्या वेळी 19 वर्षांचा होता. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणून दिल्याचा ठपका त्याच्यावर होता. बॅटऱ्या कशासाठी हव्या होत्या ते आपल्याला ठाऊक नव्हते, हे त्याचे म्हणणे आपण कबुलीजबाबात उतरवले नाही, असे तो नोंदवणाऱ्या सीबीआय अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर 2013 साली सांगितले. इथेही प्रश्न तोच : आधी काय माहीत होते? 2014 साली त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली, 18 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली आणि त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला उरलेल्या सहा जणांची.

यातून हत्येचे क्रौर्य तसूभरही कमी होत नाही. त्या रात्री सभेला आलेली, बंदोबस्ताला उभी असलेली माणसेही मेली. त्यांच्या घरच्यांना उत्तर मिळायलाच हवे होते. पण सव्वीस जणांना एकाच मापाने मोजणे हे ते उत्तर नव्हते. मारणारा, माहीत असून मदत करणारा आणि भीतीपोटी गप्प राहणारा यांत फरक करणे हेच न्यायाचे काम आहे, आणि इतिहास लिहिणाऱ्याचेही.

‘सायनाइड’ने हा फरक कायद्याच्या भाषेत सांगितला नाही. त्याने फक्त घराचे दार उघडून आतली माणसे दाखवली. निकालपत्रात त्या माणसाला आरोपी क्रमांक आहे आणि त्याच्या बायकोला साक्षीदार क्रमांक. चित्रपट पाहिला नसता तर मी ते दोन आकडे तसेच ओलांडून पुढे गेलो असतो.