उंदराने उलगडलेला आनुवंशिक आजार

हिंगोलीकडच्या पुसेगावच्या शिवारात आपण उंदराला शत्रूच मानतो. मेंदूच्या एका आजाराच्या इतिहासात मात्र त्याची जागा वेगळी आहे.

१८७२ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. जॉर्ज हंटिंग्टन यांनी हा आजार नेमका मांडला. अंगाला अनावर हिसके, हळूहळू बुद्धीचा ऱ्हास. आई किंवा वडिलांना असला, तर प्रत्येक मुलाला निम्मा धोका. सदोष जनुक सापडायला १९९३ उजाडलं.

पण जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावणार कसं? १९९६ मध्ये लंडनला जिलियन बेट्स यांच्या गटाने त्या मानवी जनुकाचा तुकडा उंदरांत घातला. उंदीर थरथरू लागले. पुढच्याच वर्षी त्यांच्या मेंदूपेशींत प्रथिनांच्या गुठळ्या दिसल्या, मग रुग्णांच्याही मेंदूत. २००० साली न्यूयॉर्कमध्ये उंदरांतला हा जनुक बंद केला, तर गुठळ्या विरल्या, हालचाल सुधारली!

माणसात हे इतकं सोपं ठरलं नाही. जनुकाचं काम कमी करणाऱ्या एका औषधाची मोठी चाचणी २०२१ मध्ये थांबवावी लागली. मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही. पण ही बाहेरची बाधा नव्हे, एवढं आपल्याला आता पक्कं कळलंय. तेव्हा असा रुग्ण दिसला, तर मांत्रिकाकडे नको, मेंदूच्या डॉक्टरांकडे नेऊया.