तळटीप : लग्नातली पैठणी

१. ‘लग्नातली पैठणी’ : येथे १९२०-३० च्या सुमाराची नऊवारी अभिप्रेत आहे. पैठणीची दोन्ही गावे नगर जिल्ह्याच्या शिवेलगतच : शेवगाव तालुक्यापलीकडे गोदाकाठचे पैठण आणि कोपरगावच्या शेजारचे येवले. हातमागाची पैठणी ओळखायची तर पदर उलटून पाहावा. मोर, मुनिया, आसावलीची वेल मागूनही तितकीच स्वच्छ दिसते. नकलेत मागे मोकळे धागे आडवे पळतात. जुनी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती काळवंडली तरी घासू नये, मुलामाच निघून जातो. पैठणी टांगूनही ठेवू नये; जरीच्या वजनाने जुने रेशीम चिरते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी, दोन-तीन महिन्यांनी घडीची जागा बदलावी. डांबरगोळ्या व अत्तर जरीपासून दूर ठेवावे. चांदीसाठी कितीतरी जुन्या पैठण्या जाळल्या गेल्या. घरात एखादी उरली असेल तर मोडीत घालण्याआधी जाणकाराला जरूर दाखवावी. — संपादक