भांडता येईल असं कौतुक

चित्रपटांच्या इतिहासात काही नावं अशी असतात की त्यांच्याबद्दल वाईट बोलायला कुणी धजत नाही. ‘सनराइज’ हे त्यातलं एक. १९२७ सालचा हा अमेरिकन मूकपट, दिग्दर्शक मात्र जर्मन, एफ. डब्ल्यू. मुर्नाव. फॉक्स कंपनीने त्यांना मुद्दाम हॉलिवूडला बोलावून घेतलं आणि हवा तसा खर्च करायची मुभा दिली. झुडरमान या जर्मन लेखकाच्या कथेवरून कार्ल मायर यांनी पटकथा लिहिली. मूळ कथेत शेवटी नवरा बुडून मरतो. चित्रपटात दोघंही वाचतात आणि सूर्य उगवतो.

गोष्ट साधीच आहे. खेड्यातला एक शेतकरी. शहरातून सुट्टीला आलेली एक बाई त्याला भुलवते. बायकोला होडीतून न्यायचं, पाण्यात ढकलायचं, शेत विकून टाकायचं आणि शहर गाठायचं, हा बेत तीच सुचवते. तो बायकोला घेऊन निघतोही. भर तळ्यात उठून उभा राहतो, पण हात उचलवत नाही. काठ लागताच बायको पळत सुटते, समोर आलेल्या ट्राममध्ये चढते, मागोमाग हाही. ट्राम दोघांना घेऊन शहरात येते, आणि एका दिवसात मोडलेला संसार पुन्हा जुळतो. परतताना वादळ होतं. शेतकऱ्याने स्वतःच्या जिवासाठी होडीत लपवून आणलेल्या लव्हाळ्याच्या मोळ्या तो आता बायकोच्या अंगाला बांधतो, आणि त्यांच्याच आधाराने ती तरते.

हा चित्रपट २३ सप्टेंबर १९२७ ला न्यूयॉर्कमध्ये लागला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मॉर्डंट हॉल यांच्यासह समीक्षकांनी वाखाणला. पण वेळ वाईट होती. त्याच खेळात मुसोलिनीचं भाषण आवाजासह पडद्यावर दाखवलं गेलं. ‘सनराइज’च्या फितीवरही संगीत आणि काही आवाज होते, संवाद तेवढे नव्हते. दोनच आठवड्यांनी, ६ ऑक्टोबरला, ‘द जॅझ सिंगर’ आला आणि लोकांचे कान बोलपटाकडे लागले. झालेला खर्च ‘सनराइज’ला काही भरून काढता आला नाही.

मग १६ मे १९२९ ला पहिले ऑस्कर दिले गेले. त्या वर्षी सर्वोच्च म्हणावेत असे सन्मान दोन होते. एक उत्कृष्ट निर्मितीचा, तो ‘विंग्ज’ला. दुसरा आगळ्या, कलात्मक चित्रपटाचा, तो ‘सनराइज’ला. छायाचित्रणाचं पारितोषिक चार्ल्स रॉशर आणि कार्ल स्ट्रस यांना याच चित्रपटासाठी मिळालं, आणि जॅनेट गेनर या तरुण नटीला तीन चित्रपटांतल्या कामाबद्दल, त्यात हाही होता. पुढच्याच वर्षी ॲकॅडमीने तो कलात्मक चित्रपटाचा सन्मान बंद केला. नंतर असंही ठरवलं की पहिल्या वर्षीचा सर्वोच्च मान ‘विंग्ज’चाच धरायचा. म्हणजे बघा, पारितोषिक दिलं आणि मग त्याची पायरीच काढून घेतली!

मुर्नाव १९३१ मध्ये मोटार अपघातात गेले. १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या फॉक्सच्या गोदामाला आग लागली. नायट्रेटची फिल्म ती, पेटली की विझायचं नाव नाही. ‘सनराइज’ची मूळ निगेटिव्ह त्यात जळाली. दिग्दर्शक नाही, निगेटिव्ह नाही, पारितोषिकाची किंमत नाही. एवढं झाल्यावर चित्रपटाचं नुसतं नाव उरायचं. पण कुठे कुठे प्रती शिल्लक होत्या. त्या कुणीतरी सांभाळल्या, त्यांवरून नव्या काढल्या. प्रागच्या संग्रहालयात चेक मथळ्यांची एक वेगळी प्रत राहिली होती. म्हणूनच १९५८ मध्ये ‘काये द्यु सिनेमा’ या फ्रेंच मासिकाला जगातल्या श्रेष्ठ चित्रपटांच्या यादीत त्याला पहिला मान देता आला. म्हणूनच २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षकांनी त्याला पाचवा क्रमांक दिला. कौतुकामुळे चित्रपट राहिला असं आपण सहज म्हणून जातो. मला ते उलटं वाटतं. चित्रपट राहिला, म्हणून कौतुक पुन्हा करता आलं.

आणि नुसतं कौतुकच नव्हे. चित्रपट राहिला म्हणून मला त्या कौतुकाशी भांडताही येतं.

समीक्षक काय वाखाणतात? दलदलीतून चालणाऱ्या शेतकऱ्याच्या मागे झुडपांतून सरकत जाणारा कॅमेरा. ट्रामच्या खिडकीतून रानाचं शहर होत जाणं. शहराचा तो प्रचंड देखावा. बायकोला बुडवायचं सुचवणारी पडद्यावरची अक्षरं स्वतःच विरघळत पाण्यात उतरतात, ते. हे सगळं सुंदर आहेच, त्यात वाद नाही. पण मी बघत बसले ती बायकोकडे. हॉटेलात नवरा तिच्यापुढे खाऊ ठेवतो. ती घास तोंडाशी नेते आणि तिला रडू कोसळतं. तासाभरापूर्वी ज्या हातांनी आपल्याला ढकलायचं ठरवलं होतं, त्याच हातांनी पुढे केलेलं अन्न कसं उतरावं घशाखाली? पुढे चर्चमध्ये दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न लागत असतं. पुरोहिताचे शब्द ऐकून नवऱ्याला हुंदका फुटतो आणि तो तिच्या मांडीत डोकं खुपसतो. मारायला नेलं त्याने, रडतोही तोच, आणि समजूत मात्र तिने घालायची! हे दृश्य क्षमेचं म्हणून गाजलं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत बायांनी ही अशी क्षमा केलेली आहे, तिला कुणी पारितोषिक दिलं नाही.

दुसरं भांडण नावाशी आहे. ‘सनराइज’च्या पूर्ण नावात हे ‘दोन माणसांचं गाणं’ आहे असं म्हटलंय. मग शहरातली ती बाई कोण? बायको बुडाली असं वाटताच हाच भला माणूस तिचा गळा दाबायला धावतो, आणि बायको जिवंत असल्याची हाक आली म्हणूनच ती सुटते. तिने कट सुचवला, हे खरं. पण माणसांच्या मोजणीत तिला धरलंच नाही.

हे सगळं मला म्हणता येतं, कारण चित्रपट समोर आहे. कुणी मला म्हणेल, बाई, तुम्ही नीट पाहिला नाही, पुन्हा पाहा. बरोबर आहे त्यांचं. पुन्हा पाहता येतो.

आता आमच्या बाजूचं सांगते. ‘सनराइज’च्या सुरुवातीला सावकार येऊन शेतकऱ्याची जनावरं घेऊन जातात, असा एक छोटा प्रसंग आहे. तो पाहिला आणि मला ‘सावकारी पाश’ आठवला. आठवला म्हणजे काय, त्याबद्दल वाचलेलं आठवलं. १९२५ साली, मुर्नावच्या दोन वर्षं आधी, आमच्या बेळगावपासून फार लांब नसलेल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी हा मूकपट काढला. तरुण व्ही. शांतारामांनी त्यात शेतकऱ्याचं काम केलं. सावकारापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी भारतीय पडद्यावर आणणाऱ्या अगदी पहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते. वास्तववादी म्हणून प्रत्येक इतिहासात त्याची स्तुती सापडते. पेंटरांनी तो १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा काढला. मूळ मूकपट मात्र आज कुणालाच पाहता येत नाही.

एकट्या त्याचीच ही गत नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, हाती लागतात ते अगदी थोडे. जुनी रिळं चांदी काढण्यासाठी विकली गेली, काही जळाली, काही दमट खोल्यांत चिकटून गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं ते १९६४ मध्ये. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून मिळेल ते गोळा केलं, पण तोवर बरंच संपलं होतं. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चीसुद्धा काही रिळंच आपल्यापाशी आहेत.

म्हणून ‘सावकारी पाश’ची स्तुती वाचताना मला अडखळायला होतं. ती खोटी असेल असं मुळीच नाही, बहुधा खरीच असेल. पण त्या शेतकऱ्याची बायको काय करत होती, तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबला, घर सुटताना तिने मागे वळून पाहिलं का, हे मला विचारता येत नाही. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने लिहायचं, त्याचं तिसऱ्याने. पेंटरांसारख्या कलावंताला यापेक्षा जास्त मिळायला हवं होतं. त्यांच्या चित्रपटाला आमच्यासारख्या बायांनी नावं ठेवायला हवी होती.