अभियांत्रिकी शिक्षणातील मिश्र अध्ययन

मिश्र अध्ययन ही वर्गातील प्रत्यक्ष अध्यापन आणि संगणकाद्वारे होणारे स्वयंअध्ययन यांची नियोजनपूर्वक सांगड घालणारी अध्यापनपद्धती आहे. ती ब्लेंडेड लर्निंग या नावानेही ओळखली जाते. विद्युत परिपथ, अभियांत्रिकी यामिकी, उष्मागतिकी यांसारख्या विद्यापीठीय विषयांसाठी तिचा वापर केला जातो.

पार्श्वभूमी

या विषयांतील संकल्पना एकमेकींवर आधारलेल्या असतात. मुक्तपिंड आकृती अचूक काढता न आल्यास समतोलाची समीकरणे मांडता येत नाहीत. किरखॉफचे नियम पक्के नसल्यास थेवेनिनचे प्रमेय वापरणे अवघड जाते. व्याख्यान सर्वांसाठी एकाच गतीने पुढे सरकते. त्यामुळे एखादा दुवा सुटलेला विद्यार्थी मागे पडतो आणि हे अनेकदा परीक्षेतच उघड होते.

स्वरूप

या पद्धतीचा एक प्रचलित प्रकार म्हणजे उलटा वर्ग (फ्लिप्ड क्लासरूम). यात विद्यार्थी तासापूर्वी लहान ध्वनिचित्रफिती पाहतात आणि छोटी चाचणी सोडवतात. चाचणीतील चुकांवरून शिक्षक तासाचा भर ठरवतात. वर्गातील वेळ गटाने उदाहरणे सोडवणे व शंकानिरसन यांसाठी राखला जातो. ध्वनिचित्रफीत थांबवून पुन्हा पाहता येत असल्याने इंग्रजी माध्यमात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांनाही तिचा उपयोग होतो.

सॅन होजे येथील प्रयोग

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०१२ मध्ये विद्युत परिपथांचा ऑनलाइन अभ्यासक्रम खुला केला. त्यात सुमारे १,५५,००० जणांनी नोंदणी केली, परंतु ७,१५७ जणच उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाने हेच साहित्य आपल्या परिपथ विषयाच्या एका वर्गात वापरले. विद्यार्थी साहित्य घरी अभ्यासत आणि वर्गात शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली उदाहरणे सोडवत. या वर्गातील सुमारे ९१ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. पारंपरिक वर्गांत हे प्रमाण ६० टक्क्यांहून कमी होते. मात्र ही तुलना एका लहान वर्गापुरती होती. २०१३ मध्ये याच विद्यापीठाने गणिताचे काही अभ्यासक्रम युडॅसिटीच्या साहाय्याने पूर्णतः ऑनलाइन चालवले. त्यांचे पहिल्या सत्रातील निकाल पारंपरिक वर्गांपेक्षा कमी लागले आणि तो उपक्रम काही काळ स्थगित करण्यात आला.

भारतातील वापर

आयआयटी संस्था व बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल प्रकल्पातून अभियांत्रिकीची व्याख्याने विनामूल्य उपलब्ध होतात. व्हर्च्युअल लॅब्स प्रकल्पात प्रयोगांची संगणकीय प्रतिरूपे आहेत. आयआयटी मुंबईने दूरस्थ केंद्रांमार्फत देशभरातील अभियांत्रिकी शिक्षकांना प्रशिक्षण दिले. २०१६ च्या नियमांनुसार स्वयम् मंचावरील अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवता येत. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली.

परिणाम व मर्यादा

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणात केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, तर सक्रिय अध्ययन असलेल्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. हे विश्लेषण सक्रिय अध्ययनाविषयी होते. त्यामुळे केवळ ध्वनिचित्रफिती पुरवल्याने असाच लाभ होईल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

साहित्यनिर्मितीसाठी शिक्षकांना द्यावा लागणारा वेळ, ग्रामीण भागातील अपुरी इंटरनेट जोडणी आणि पूर्वतयारी न करता वर्गात येणारे विद्यार्थी या प्रमुख अडचणी आहेत. यंत्रे व उपकरणे हाताळण्याचे कौशल्य संगणकीय प्रतिरूपांतून पूर्णपणे मिळत नसल्याने प्रत्यक्ष प्रयोगशाळेची गरज कायम राहते.

हे सुद्धा पहा

* दूरशिक्षण
* स्वयम्
* अभियांत्रिकी