'दहावी फ' आणि आपण

आपल्या स्मरणिकेत बाकीच्यांनी शाळेच्या आठवणी लिहिल्या आहेत. मी मात्र दोन दिग्दर्शकांची हकिकत सांगणार आहे. ती शेवटी शाळेतच येऊन पोहोचते.

सुमित्रा भावे सिनेमा शिकलेल्या नव्हत्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिक्षण, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत अध्यापन आणि मग बायकांच्या जगण्यावर संशोधन, असा त्यांचा प्रवास. पण संशोधनाचा अहवाल ग्रंथालयात जाऊन पडतो आणि जिच्याविषयी तो लिहिला, तिला वाचताच येत नाही, ही गोष्ट त्यांना खुपत होती. वस्तीतल्या बाईला स्वतःची कहाणी पाहता यावी म्हणून त्यांनी १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट केला. तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या, म्हणजे साधारण आपल्या वयाच्या! त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या कामात त्यांना सुनील सुकथनकर यांची साथ मिळाली. वयाने बरेच लहान, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून दिग्दर्शन शिकलेले. पटकथा भावेंची, गाणी बहुतेक सुकथनकरांची आणि दिग्दर्शन दोघांचे, अशी जोडी जमली. 'दोघी' (१९९५), 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु' हे चित्रपट देशोदेशींच्या महोत्सवांत गेले. २०१६ च्या 'कासव'ला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट. १९ एप्रिल २०२१ रोजी सुमित्राताई गेल्या.

एवढे सगळे सांगायचे कारण म्हणजे या जोडीचा २००२ चा 'दहावी फ'. गुणांवरून पाडलेल्या तुकड्या, त्यातली शेवटची 'फ'. हिणवले जाऊन संतापलेली मुले शाळेत मोडतोड करतात, आणि एक शिक्षक त्यांच्या पाठीशी उभे राहतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तो पाहिला आणि थिएटरमध्ये मान खाली घालून बसले. मी 'अ' तुकडीतली. शेवटच्या तुकडीचा वर्ग आमच्याच मजल्यावर होता. तीन वर्षे त्या दारावरून येता-जाता मला आतल्या चार मुलांचीही नावे ठाऊक झाली नाहीत. कुणी सांगितले नव्हते, तरी तिकडे बघायचे नसते हे आम्ही आपोआप शिकलो होतो.

या स्मरणिकेसाठी पत्ते गोळा करताना तेच पुन्हा दिसले. 'अ'ची यादी एका संध्याकाळी पुरी झाली. शेवटच्या तुकडीची निम्मी नावेही अजून मिळालेली नाहीत.

तेव्हा एक विनंती. कुणाकडे त्यांच्यापैकी कुणाचा नंबर असेल, तर मला कळवा. मी स्वतः फोन करीन. आणि पुढच्या संमेलनात फोटो तुकडीवार नको, सगळ्यांचा एकच काढू या.